हीट पंप की सोलर: हा वाद आला कुठून

घर गरम करायला हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली, पाण्यातली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या जोरावर घरात खेचणारं यंत्र, घ्यावा की सोलर, हा प्रश्न 1980 च्या आसपास कोणी विचारला असता तर सोलर म्हणजे छतावर तापणारं पाणी एवढंच डोळ्यापुढे आलं असतं, आज सोलर म्हटलं की वीज बनवणारी पॅनेल्स. नाव एकच, म्हणून जुने आकडे नव्या वादात बिनधास्त फेकले जातात.

फार मागचं उरकून टाकतो. हीट पंपची कल्पना 1852 ची, आणि 1938 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा टाउन हॉल नदीच्या पाण्यातली उष्णता खेचून गरम व्हायला लागला. इकडे 1948 मध्ये अमेरिकेत डोव्हरला एक घर नुसत्या उन्हावर गरम ठेवायचा प्रयोग झाला, उष्णता साठवायला क्षार भरलेले डबे होते, पण दोन-तीन हिवाळ्यांत क्षार खाली बसला, पाणी वर राहिलं आणि सगळं बारगळलं. सोलरचं दुखणं अजून तेच आहे, ऊन उन्हाळ्यात आणि गरज डिसेंबरात. 1973 ला तेल महागलं तेव्हा दोघांचेही दिवस आले, तेल उतरलं तसे गेले.

खरी गुंतागुंत 2009 ची. युरोपने तेव्हा हवेतली, पाण्यातली आणि जमिनीतली उष्णता रिन्यूएबल, म्हणजे न संपणारी ऊर्जा, धरली. हे खटकण्यासारखं का होतं ते हिशोब केला की कळतं. पंप 1 युनिट वीज घेऊन 3 युनिट उष्णता देतो, म्हणजे 2 युनिट हवेतून फुकट. पण ती वीज कोळशावर बनत असेल तर 1 युनिटसाठी जवळजवळ 3 युनिटचं इंधन जळतं, म्हणजे फिरून तिथेच की! म्हणून अट घातली की वर्षभराची सरासरी, म्हणजे 1 युनिट विजेमागे मिळणारी उष्णता, किमान 2.5 युनिट हवी, तरच रिन्यूएबलच्या खात्यात, आणि तेही फक्त हवा, पाणी किंवा जमिनीतून आलेला भाग, विजेचा नाही. मला विचाराल तर ही अट ठीकच होती, पण जाहिरातीत तेवढं "रिन्यूएबल" उरलं आणि 2.5 गायब झालं.

2010 नंतरच्या दहा वर्षांत पॅनेल्स साधारण 90 टक्के स्वस्त झाली, छतावर पाणी तापवण्यापेक्षा वीज बनवून ती पंपाला देणं परवडायला लागलं, त्यामुळे "की" ची जागा "आणि" ने घेतली. 2022 ला गॅस भडकला आणि युरोपात पंपांवर उड्या पडल्या.

तरी जानेवारीत पहाटे सहाला पंपाच्या घराबाहेरच्या पेटीच्या जाळीवर बर्फ धरतो, तो वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो, घरातलीच उष्णता बाहेर टाकतो, आणि छतावरची पॅनेल्स तेव्हा शून्य. वीज ग्रिडचीच, ती कशावर बनली हा 2009 चा प्रश्न तिथेच आहे.