रिझर्व्ह बँक ग्रेड बी परीक्षेची तयारी

रिझर्व्ह बँक ग्रेड बी परीक्षा ही भारतीय रिझर्व्ह बँकेत थेट अधिकारी म्हणून शिरण्याची परीक्षा. विद्यार्थी तिला नुसते ‘आरबीआय’ किंवा ‘ग्रेड बी’ म्हणतात. निवड झालेला उमेदवार व्यवस्थापक या हुद्द्यावर रुजू होतो. भरतीचे काम मुंबई सेंट्रल स्थानकासमोरच्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीतून चालणारे सेवा मंडळ पाहते. बँकेतल्या अधिकाऱ्यांच्या पायऱ्या ए ते एफ अशा चढत जातात आणि वर कार्यकारी संचालक असतात. सहायक म्हणून लागलेले कर्मचारी बढतीने ए मध्ये येतात. बाहेरच्या पदवीधराला मात्र एक पायरी वर, बी मध्ये, थेट प्रवेश मिळतो.

‘बँकेची परीक्षा’ या शब्दाने इथे बराच घोटाळा होतो. मुलगी रिझर्व्ह बँकेत लागली म्हटल्यावर शेजारी गृहकर्जाचा दर विचारतात. पण सर्वसामान्यांची खाती उघडणे, ठेवी घेणे, कर्ज देणे ही कामे रिझर्व्ह बँकेकडे नाहीत. इथला अधिकारी बँकांवर देखरेख ठेवतो, नियम लिहितो, नोटांचा पुरवठा सांभाळतो, परकी चलनाचे काम पाहतो. त्याचा बराचसा दिवस टिपणे वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. परीक्षेची रचनाही या कामासारखीच आहे. सरकारी बँकांच्या पीओ, म्हणजे परिवीक्षाधीन अधिकारी, परीक्षेचा अभ्यास थोडा वाढवला की ग्रेड बी निघते, ही समजूत म्हणूनच पहिल्या प्रयत्नात अनेकांना महागात पडते.

पात्रता आणि जागा

वय 21 ते 30, पदवीला 60 टक्के. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 50 टक्के पुरतात, आणि राखीव प्रवर्गांना वयातही सवलत मिळते. एम.फिल. झालेल्यांना 32 आणि पीएच.डी. झालेल्यांना 34 पर्यंत मुभा आहे. सर्वसाधारण प्रवर्गाला सहाच प्रयत्न मिळतात. जागांचा मात्र भरवसा नाही. 2023 मध्ये सर्व शाखा मिळून 291 जागा निघाल्या, 2024 मध्ये 94 आणि 2025 मध्ये 120. त्या 120 पैकी 83 सर्वसाधारण शाखेच्या होत्या. उरलेल्या अर्थशास्त्र आणि सांख्यिकी या दोन खास शाखांच्या. त्यांना त्या विषयातले पदव्युत्तर शिक्षण लागते आणि त्यांचे पेपरही वेगळे असतात, म्हणून या नोंदीत पुढे फक्त सर्वसाधारण शाखेचाच विचार केला आहे. सुरुवातीचे मूळ वेतन बरीच वर्षे 55,200 रुपये होते. 2025 च्या जाहिरातीत ते 78,450 झाले.

पहिला टप्पा

पहिला टप्पा 200 प्रश्नांचा, 200 गुणांचा आणि 120 मिनिटांचा. यातले गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत, पण तो पार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सामान्य ज्ञानाला 80 प्रश्न आणि 25 मिनिटे, इंग्रजीला 30 आणि 25, गणिताला 30 आणि 25, तर रिझनिंगला 60 प्रश्न आणि 45 मिनिटे. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्या विभागाला देता येत नाही. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र कटऑफ असतो आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

सामान्य ज्ञानाच्या एका प्रश्नाला जेमतेम 19 सेकंद मिळतात. एवढ्या वेळात आठवायला बसता येत नाही. उत्तर डोळ्यांसमोर आले तर खूण करायची, नाही तर पुढे. आणि एकूण गुणांपैकी 40 टक्के याच विभागात आहेत. तरीही दोन-दोन वर्षे गणित आणि पझल घासणारे उमेदवार अभ्यासिकांमध्ये ढिगाने दिसतात, कारण गणिताचा सराव केला की अभ्यास झाल्यासारखा वाटतो, आणि चालू घडामोडी वाचून तसे समाधान लगेच मिळत नाही. गणित आणि रिझनिंगमध्ये कटऑफ ओलांडण्यापुरता पाया हवाच. पण कोणता पझलचा संच सोडून द्यायचा हे पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवता येणे, हे तो सोडवता येण्याइतकेच कामाचे आहे, आणि ते मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दिल्याशिवाय येत नाही.

टप्प्यांमधले अंतर

2023 मध्ये पहिला टप्पा 9 जुलैला झाला आणि दुसरा 30 जुलैला, म्हणजे बरोबर तीन आठवड्यांनी. 2025 मध्ये हेच अंतर 18 ऑक्टोबर ते 6 डिसेंबर असे सात आठवड्यांचे होते. अंतर कितीही असो, पहिल्याचा निकाल हाती आल्यावर दुसऱ्याची पुस्तके उघडणाऱ्याला वेळ पुरत नाही. म्हणून जाणती मुले उलटीकडून सुरुवात करतात. आधी दुसऱ्या टप्प्याचे दोन्ही विषय निदान एकदा पूर्ण करायचे आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पहिल्याच्या वेगाकडे वळायचे. त्यात चालू घडामोडींचा अभ्यास दोन्हीकडे उपयोगी पडतो.

दुसरा टप्पा

खरी निवड इथे होते. एकाच दिवशी प्रत्येकी 100 गुणांचे तीन पेपर असतात. आर्थिक व सामाजिक प्रश्न हा पहिला, उमेदवार त्याला ‘ईएसआय’ म्हणतात. दुसरा इंग्रजी लेखनाचा, त्यात निबंध, सारांशलेखन आणि उताऱ्यावरचे प्रश्न. तिसरा वित्त आणि व्यवस्थापनाचा, म्हणजे ‘एफएम’. पहिला आणि तिसरा पेपर 2021 पासून दोन तुकड्यांत होतो. निम्मे गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना, त्याला 30 मिनिटे. निम्मे वर्णनात्मक उत्तरांना, त्याला 90 मिनिटे. वर्णनात्मक भागात सहापैकी चार प्रश्न सोडवायचे असतात आणि उत्तरे संगणकावर टंकलिखित करायची असतात.

हिशेब करून पाहावा. प्रत्येक उत्तर 400 शब्दांचे धरले तरी चार उत्तरांचे 1,600 शब्द होतात. प्रश्न वाचून मुद्दे जुळवायला पाच-पाच मिनिटे घेतली, तर उरलेल्या 70 मिनिटांत मिनिटाला सुमारे 23 शब्द टंकावे लागतात, तेही परक्या कीबोर्डवर. मोबाइलवर अंगठ्याने भराभर लिहिणारी पिढी इथे अडखळते. ज्ञान असूनही तिसरे उत्तर अर्धवट आणि चौथे चार ओळींचे राहते. रोज अर्धा तास टंकलेखन हा तयारीतला सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात स्वस्त भाग आहे.

भाषेचा प्रश्न मराठी उमेदवारांना वेगळ्या तऱ्हेने भिडतो. इंग्रजीचा पेपर सोडला तर परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. हिंदी निवडली तर इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन कळफलक वापरायचा असतो. लिपी तीच असल्याने हिंदी सोपी जाईल असे मराठी माध्यमातल्या मुलांना वाटते. मग आपली चलनवाढ तिथे ‘मुद्रास्फीति’ होते, राजकोषीय तूट ‘राजकोषीय घाटा’ होते, आणि लिहिताना हात थबकतो. बहुतेक जण शेवटी इंग्रजीकडेच वळतात. तोडके पण नेटके इंग्रजी इथे चालते. अलंकारिक इंग्रजीची गरज नसते, फायद्यापेक्षा त्याचा अडथळाच जास्त.

काय वाचायचे

अभ्यासक्रमाची यादी लांब दिसते: विकास आणि त्याचे मोजमाप, दारिद्र्य, रोजगार, जागतिकीकरण, सामाजिक रचना, वित्तीय बाजार, नियामक संस्था, जोखीम व्यवस्थापन, अर्थसंकल्प, प्रेरणा आणि नेतृत्वाचे सिद्धान्त. व्यवस्थापनाचा भाग पुस्तकी आहे. प्रेरणेचे सिद्धान्त मांडणारे मास्लो आणि हर्झबर्ग दरवर्षी बदलत नाहीत, त्यामुळे तो एकदा नीट वाचून संपवता येतो. बाकीचे सगळे हलते आहे आणि त्याचा मोठा भाग रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर फुकट पडलेला आहे: दर दोन महिन्यांनी येणारे पतधोरण, वार्षिक अहवाल, जून आणि डिसेंबरमधला वित्तीय स्थैर्य अहवाल, रोजची प्रसिद्धिपत्रके. त्याला आर्थिक पाहणी, अर्थसंकल्पीय भाषण आणि पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, पत्रके जोडली की पुरे. मासिक चालू घडामोडींच्या पीडीएफ उजळणीला ठीक आहेत, पण मूळ दस्तऐवज वाचण्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

एक उदाहरण पाहावे. 8 एप्रिल 2022 च्या पतधोरणात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना तारणावर अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवर तसाच ठेवला गेला. ज्यांनी मथळा वाचला त्यांच्या वहीत ‘बदल नाही’ अशी नोंद झाली. पण त्याच निवेदनात स्थायी ठेव सुविधा, म्हणजे एसडीएफ, 3.75 टक्के दराने सुरू झाली. बँकांकडचा जादा पैसा कोणतेही तारण न देता रिझर्व्ह बँकेला शोषून घेता येईल अशी ही सोय. रिव्हर्स रेपो, म्हणजे तारण देऊन बँकांचा जादा पैसा घेण्याचा दर, 3.35 टक्क्यांवर कागदोपत्री राहिला, पण व्याजदराच्या पट्ट्याचा तळ तो उरला नाही. तळाला 3.75 ची एसडीएफ, मध्ये 4 चा रेपो आणि वर 4.25 ची एमएसएफ, म्हणजे बँकांना अडीनडीला रेपोपेक्षा चढ्या दराने कर्ज देणारी सोय. म्हणजे रेपोला हात न लावता तळ 40 मूलांकांनी, म्हणजे 0.40 टक्क्याने, वर गेला. यासाठी लागणारी कायदेशीर तरतूद 2018 मध्येच झाली होती आणि सूचना 2014 च्या ऊर्जित पटेल समितीच्या अहवालातली. जुन्या नोट्स घोकलेला उमेदवार आजही पट्ट्याचा तळ म्हणून रिव्हर्स रेपो लिहून येतो. महिना उलटायच्या आत, 4 मे 2022 ला, वेळापत्रकाबाहेरची बैठक झाली आणि रेपो 4.40 वर गेला. एप्रिलचे निवेदन मुळातून वाचलेल्याला त्याची दिशा आधीच दिसली होती.

असे वाचायला सुरुवातीला एका निवेदनाला दोन-तीन दिवस लागतात. सहा-आठ महिन्यांनी तेच काम तासाभरात होते, कारण बँकेच्या भाषेची सवय होते. पतधोरण समितीत सहा सदस्य, त्यातले तीन बाहेरचे. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते, त्यात कोणी विरोधी मत दिले आणि का, हे असते. फार थोडे विद्यार्थी ते उघडतात. वर्णनात्मक उत्तरात दुसरी बाजू मांडायची असते तेव्हा तिथला एखादा युक्तिवाद नेमका कामाला येतो.

पुणे, मुंबई आणि इतर वाटा

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यातल्या अभ्यासिका मुख्यतः एमपीएससीच्या आहेत. तिथे ग्रेड बी करणारे एखाद-दुसरे असतात, आणि बरेचदा ते आधी यूपीएससी करून आलेले असतात. निबंध आणि अर्थशास्त्राचा त्यांचा पाया तयार असतो. वस्तुनिष्ठ प्रश्नांचा वेग मात्र नव्याने कमवावा लागतो. नाबार्ड (शेती आणि ग्रामीण पतपुरवठ्याची बँक) आणि सेबी (शेअर बाजाराची नियामक) यांच्या ग्रेड ए परीक्षांचा अभ्यासक्रम ग्रेड बीशी बऱ्यापैकी जुळतो. दोन्ही संस्थांची मुख्यालये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत. त्यामुळे बहुतेक जण तिन्ही अर्ज भरतात आणि वर्ष कोरडे जाण्याचा धोका कमी करतात. नोकरी सांभाळून तयारी करणारेही पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी सरकारी बँकेत काम करणाऱ्याला एफएमचा निम्मा अभ्यास कामाच्या टेबलावरच होतो.

मुलाखत

मुलाखत 75 गुणांची असते आणि दुसऱ्या टप्प्याचे 300 मिळवून 375 पैकी यादी लागते. मुलाखत हिंदीतूनही देता येते. त्याआधी एक मानसशास्त्रीय चाचणी होते, तिला गुण नसतात. बहुतेक प्रश्न उमेदवाराने भरून दिलेल्या माहितीपत्रकातून निघतात: पदवीचा विषय, आधीची नोकरी, छंद, जिल्हा. महाराष्ट्रातल्या उमेदवाराने सहकार वाचून जावे. देशातल्या नागरी सहकारी बँकांपैकी सुमारे एकतृतीयांश इथे आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, बँकेवर निर्बंध आले. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेवविम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यातल्या दुरुस्तीने सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. हा क्रम आणि त्यामागची कारणे सांगता आली, आणि आपल्या गावातल्या बँकेची शाखा मुलाने डोळ्यांनी पाहिलेली असली, तर बोलणे पुस्तकी राहत नाही. ‘रिझर्व्ह बँकच का?’ हा प्रश्न ठरलेला. त्याला देशसेवेचे ठोकळेबाज उत्तर देणारे इतके असतात की समोरच्यांना ते पाठ झाले असावे.

निवड झालेल्यांची बदली देशभर कुठेही होऊ शकते. महाराष्ट्रात मुंबईखेरीज बेलापूर आणि नागपूरला कार्यालये आहेत, गोव्यात पणजीला. पुण्यात 1969 पासून कृषी बँकिंग महाविद्यालय आहे. नागपूरच्या कार्यालयासमोरच्या चौकाचे नाव संविधान चौक झाले, तरी रिक्षावाले अजून ‘आरबीआय चौक’च म्हणतात. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये आले ते आयसीएसमधून, म्हणजे ब्रिटिशकालीन सनदी सेवेतून. बँकेच्या स्वतःच्या अधिकारीवर्गातून त्या खुर्चीपर्यंत आजवर एकच जण पोहोचला, 1977 मध्ये सात महिन्यांसाठी गव्हर्नर झालेले एम. नरसिंहम. चारपैकी दोन डेप्युटी गव्हर्नर मात्र बँकेतूनच घेण्याचा प्रघात आहे.