लग्नपत्रिकेच्या पाठीवर इंग्रजी शब्द

तालुक्याच्या गावातल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलामुलींच्या वह्या पाहा. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि तीच पानं सकाळ-संध्याकाळ वाचणं सुरू. आठ दिवसांनी पान उघडलं की सगळे शब्द ओळखीचे वाटतात, पेपरात मात्र अर्थ सुचत नाही. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. वाचून सराव होतो तो पहिल्याचाच.

जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले होते. एकदा बरोबर आलेला शब्द काहींनी पुढे नुसता वाचला, काहींनी तो पुन्हापुन्हा अर्थ न बघता आठवून पाहिला. आठवड्यानंतर पहिल्यांच्या लक्षात सुमारे ३६ टक्के शब्द होते, दुसऱ्यांच्या सुमारे ८० टक्के.

आठवायचं कधी, याचा धागा १८८५ पर्यंत जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विसरण्याचं मोजमाप केलं. एका दिवसानंतर तेच पुन्हा पाठ करताना मूळ मेहनतीपैकी जवळपास ३४ टक्केच वाचली, ३१ दिवसांनंतर २१ टक्के. मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, मग ती मंदावते. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, पुढच्या उजळण्यांमधलं अंतर वाढवत न्यायचं.

यासाठी जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कप्प्यांची पद्धत उत्तम, आणि तिला खर्च नाही. लग्नसराईनंतर घरोघरी पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. कोऱ्या पाठीच्या पत्रिकेचे चार तुकडे करा, एक तुकडा म्हणजे एका शब्दाची चिठ्ठी. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे पाडा: १, २, ४, ८ आणि १६ दिवसांचे, म्हणजे त्या कप्प्यातली चिठ्ठी तितक्या दिवसांनी बघायची. अर्थ बरोबर आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकला की थेट पहिल्यात. पाचव्यातूनही पार झालेली चिठ्ठी बाहेर काढून ठेवा.

चिठ्ठीच्या एका बाजूला फक्त शब्द. मागे अर्थ, उच्चार आणि आपल्या शिवारातलं एक वाक्य. 'स्कॅन्टी' पाऊस असतो, 'मीगर' मजुरी असते, आणि पेरणीनंतर ओळीत नांगे म्हणजे मोकळ्या जागा पडून पऱ्हाटी (कपाशी) विरळ दिसते ती 'स्पार्स'. मात्र हे तिन्ही शब्द एकाच दिवशी घेऊ नका. जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत गुंततात. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांचा घोळ होतो तो इथेच. एक पक्का झाल्यावर आठवड्याभराने दुसरा घ्या.

मराठी माणसाजवळ एक मोठं भांडवल आहे, ते फारसं कुणी वापरत नाही याचं वाईट वाटतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असं ब्रिटिश भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात सांगितलं होतं. इंग्रजीतले बरेच जड शब्द लॅटिन-ग्रीकमधूनच आलेत. 'मॉर्टल' म्हणजे मर्त्य, 'इम्मॉर्टल' म्हणजे अमर्त्य. 'डेन्टल'मध्ये आपला दंत आहे, 'नॉव्हिस' म्हणजे नवशिक्यामध्ये नव, तर 'कन्जेनिटल' म्हणजे जन्मजातमध्ये जन् धातूचा भाऊबंद. असा दुवा सापडला की शब्द परका राहत नाही. पण नुसत्या अंदाजावर विसंबू नका, शब्दकोश उघडाच. शब्दाआधीचा 'इन' दरवेळी नकार दाखवत नाही. पेट्रोलच्या टँकरवर लिहिलेला 'इन्फ्लेमेबल' म्हणजे झटकन पेट घेणारा. 'न पेटणारा' समजून कुणी जवळ बिडी शिलगावली तर जिवावर बेतेल.

रोज १० नवे शब्द पुरेत. महिन्याभरानंतर त्यांच्या उजळणीच्या रोज ५० चिठ्ठ्या होतात. एकीला १० सेकंद धरले तर आठ-नऊ मिनिटं. ३० शब्दांचा हट्ट धरला तर १५० चिठ्ठ्या, म्हणजे २५ मिनिटं, वर चुकलेल्या वेगळ्या. गठ्ठा साचतो आणि खोकं माळ्यावर जातं. कापूस वेचणीच्या दिवसांत वेळ नसेल तर नवे शब्द बंद ठेवा, पण पहिल्या दोन कप्प्यांची उजळणी रात्री जेवणानंतर उरकाच. पुढच्या कप्प्यातल्या चिठ्ठ्यांना दोन-चार दिवस उशीर झाला तरी चालतो.