मिथायलेशनची बाटली आणि सीमाभागाचं ताट

हल्ली फुल बॉडी चेकअपच्या रिपोर्टात 'होमोसिस्टीन' (रक्तातलं एक अमिनो आम्ल) अशी एक ओळ असते. आकडा वर गेला की कुणीतरी 'तुमचं मिथायलेशन बिघडलंय' म्हणून सांगतं आणि महागड्या गोळ्यांची बाटली घरात येते. बेळगाव-निपाणीकडे हा शब्द नवा असेल, पण त्यामागचं संशोधन शंभरीकडे आलंय. त्यातला एक मोठा धागा तर मुंबईतला आहे.

१९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर बायकांमधला रक्तक्षय अभ्यासायला मुंबईला आली. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांमध्ये तो फार होता. त्यांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असायच्या. विल्सने यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केलं, तरी अर्कात नेमकं काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी अमेरिकेत पालकाच्या पानांतून फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं. पुढे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. बी-१२ हे दुसरं जीवनसत्त्व हाती लागलं १९४८ मध्ये.

आता हे मिथायलेशन म्हणजे काय? एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढाच तो मिथाइल गट. शरीर तो एका रेणूवरून काढून दुसऱ्यावर बसवतं. जनुकांची चालू-बंद, नसांवरचं (मज्जातंतूंवरचं) आवरण, मेंदूतली काही रसायनं, सगळीकडे हीच देवघेव. गट देऊन झाला की मागे होमोसिस्टीन उरतं. त्याचं पुन्हा मेथिओनिन हे अमिनो आम्ल करायला फोलेट (फोलिक आम्लाच्याच कुळातलं, अन्नात असणारं जीवनसत्त्व) नवा मिथाइल गट आणतं, पण तो पुढे पोचवायला बी-१२ लागतं. ते नसेल तर फोलेट तिथेच अडकून पडतं. १९६२ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी याला 'मिथाइल सापळा' म्हटलं. त्याच्याही आधी डॉक्टरांना एक धोका दिसला होता: बी-१२ कमी असलेल्याला नुसतं फोलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारतं, नसा मात्र खराब होत राहतात.

तरीही गोळीत फोलिक आम्लच पुढे राहिलं, आणि त्याला कारणही होतं. बाळाच्या मज्जारज्जूत एकदा दोष आलेल्या आयांना फोलिक आम्ल दिलं तर तो दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीने दाखवलं. आपल्याकडे तर १९७० पासून लोह-फोलिकच्या गोळ्या सरकारी योजनेत आहेत. त्या गोळीत बी-१२ नाही.

याची किंमत काय असू शकते, ते पुण्याजवळच्या खेड्यांत दिसलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून तिथल्या आया आणि मुलांचा पाठपुरावा केला. सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायकांत बी-१२ कमी होतं. तांबड्या पेशींतलं फोलेट कमी निघालं ते फक्त एकीचं! आईचं फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, अशा जोडीची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी होती. हा संबंध आहे, कारणाचा पुरावा नव्हे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नाही.

आपलं ताटही याच वळणाचं आहे. भाकरीबरोबर कच्ची मेथी, हरभऱ्याचा पाला, शेंगदाण्याची चटणी, मसूर, हुलगे, चवळी. फोलेटला तोटा नाही, पण ते राखता आलं पाहिजे. पुंडीची भाजी, म्हणजे अंबाडी, आंबटपणा काढायला उकडून पिळतात. ते हिरवट पाणी मोरीत ओतलं की फोलेटचा मोठा वाटा त्याबरोबर जातो. चव बिघडणार नसेल तर थोडं पाणी आमटीत घालावं. बिडी-सिगारेट आणि दारूनेही फोलेट घटतं, हे तंबाखूच्या निपाणीला सांगायला अवघड जातं, पण खरं आहे.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच येतं. लिंगायत आणि जैन घरांत भिस्त दुधावर, आणि गोठ्यातलं बरंचसं दूध पहाटे डेअरीला जातं, घरी उरतं ते चहापुरतं. मटण खाणाऱ्यांचंही सोमवार, गुरुवार, श्रावण सोडून जत्रेपुरतंच चालतं. त्यात साखरेच्या आजारावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी घसरतं. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण तेवढंही मिळत नाही.

बाटली विकणारे मात्र बोट दाखवतात एमटीएचएफआर जनुकाकडे, म्हणजे फोलेट मिथायलेशनच्या कामाला तयार करणाऱ्या जनुकाकडे. त्यातला एक सामान्य बदल १९९५ मध्ये सापडला आणि तो असंख्य निरोगी माणसांत असतो. पोटात फोलेट पुरेसं जात असेल तर त्याची फारशी भीती नाही. होमोसिस्टीन गोळ्यांनी खाली आणून हृदयविकार टळतो का, हे २००६ च्या मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं. आकडा उतरला, पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. मूत्रपिंड किंवा थायरॉइड बिघडलं तरी होमोसिस्टीन वाढतं. म्हणून बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घ्यावं. गोळ्या सुरू झाल्यावर मूळची कमतरता रिपोर्टात दिसत नाही.