सिलिंडर नंबरातला आतला वाटा

डोळे तपासून झाले की दोन कागद तयार होतात. एक चष्म्याच्या नंबराचा, जो आपण खिशात घालून दुकानात नेतो. दुसरा केरॅटोमीटरच्या, म्हणजे कॉर्नियाचं वळण मोजणाऱ्या यंत्राच्या, आकड्यांचा, जो बहुतेक वेळा फाइलमध्येच राहतो. पहिल्यावर लिहिलेलं असतं: सिलिंडर उणे १.००, ॲक्सिस (म्हणजे सिलिंडरची दिशा, अंशांत) १८०. दुसऱ्यावर दिसतं: आडव्या दिशेत ४२.५०, उभ्या दिशेत ४४.००. म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) पुढच्या पृष्ठभागावर दोन दिशांत दीड डायॉप्टरचा (डायॉप्टर हे प्रकाश वाकवण्याच्या ताकदीचं माप) फरक आहे, आणि चष्म्याला मात्र एकच डायॉप्टर पुरतोय. मधला अर्धा डायॉप्टर डोळ्याच्या आत कुठेतरी फिटलेला आहे.

हा आतला हिशोब आजवर फारसा कुणी रुग्णाला समजावून सांगत नसे, कारण चष्म्यासाठी त्याची गरजच नव्हती. चष्मा एकूण बेरीज दुरुस्त करतो. ती कोणत्या पृष्ठभागांनी मिळून केली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात तसं चालत नाही. तिथे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढूनच टाकतात, म्हणजे बेरजेतला एक आकडा कायमचा पुसला जातो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत हल्ली एक प्रश्न ऐकू येतो: "आईच्या चष्म्यात सिलिंडर नव्हताच कधी, मग डॉक्टर टॉरिक भिंग का घ्या म्हणतात?" टॉरिक भिंग म्हणजे सिलिंडरही दुरुस्त करणारं कृत्रिम भिंग; प्रश्नाचं उत्तर या पुसलेल्या आकड्यात आहे.

आधी अस्टिग्मॅटिझम म्हणजे काय ते थोडक्यात. कॉर्निया सगळ्या दिशांनी सारखा गोल नसला, स्टीलच्या चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने जास्त वळलेला असला, तर उभ्या रेषा एका अंतरावर आणि आडव्या रेषा दुसऱ्या अंतरावर फोकस होतात. जास्त वळणाच्या दिशेत ताकद जास्त, कमी वळणाच्या दिशेत कमी. या दोहोंतला फरक म्हणजे सिलिंडरचा नंबर. पण प्रकाश वाकवणारे पृष्ठभाग डोळ्यात चार आहेत: कॉर्नियाची पुढची बाजू, मागची बाजू, आणि भिंगाच्या दोन बाजू. शिवाय भिंग थोडं तिरकं बसलेलं असतं, आणि तिरकेपणातूनही सिलिंडर तयार होतो. पुढचा पृष्ठभाग सोडून बाकी सगळ्यांचा मिळून जो वाटा, त्याला आतला अस्टिग्मॅटिझम म्हणतात.

चारांपैकी पुढचा पृष्ठभाग फार बलवान आहे. त्याची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर, कॉर्नियाचा अपवर्तनांक १.३७६, ३७६ भागिले ७.८ केलं की ४८ डायॉप्टर येतात. मागच्या बाजूची त्रिज्या ६.५ च्या आसपास, पण तिथे कॉर्निया संपून १.३३६ अपवर्तनांकाचं पाणी सुरू होतं. फरक फक्त ०.०४०, म्हणून ताकद जेमतेम सहा डायॉप्टर, आणि तीही उणे. हे उणेपण फार महत्त्वाचं. मागची बाजूही बहुतेकांत उभ्या दिशेतच जास्त वळलेली असते, पण उणे असल्यामुळे तिचा परिणाम उलटा होतो आणि पुढच्या बाजूच्या उभ्या सिलिंडरातून थोडा कापला जातो. अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली ७१५ कॉर्नियांची मोजणी प्रसिद्ध केली. मागच्या बाजूचा अस्टिग्मॅटिझम सरासरी ०.३० डायॉप्टर निघाला, आणि ८६.६ टक्के डोळ्यांत जास्त वळणाची दिशा उभी होती. वयाबरोबर पुढच्या बाजूची जास्त वळणाची दिशा उभ्याकडून आडव्याकडे सरकत जाते. मागची बाजू मात्र बहुतेक जागच्या जागीच राहते. तरुणपणी जी मदत करत होती तीच म्हातारपणी भर घालू लागते.

केरॅटोमीटर ही मागची बाजू पाहतच नाही. तो पुढच्या बाजूवर उमटलेलं प्रतिबिंब मोजतो, त्यावरून त्रिज्या काढतो, आणि १.३३७५ हा ठरवून घेतलेला अपवर्तनांक वापरून डायॉप्टर सांगतो. ३३७.५ भागिले ७.८ म्हणजे ४३.२७. या आकड्यात मागच्या बाजूचा एक ठरावीक वाटा गृहीत धरलेला आहे, जणू ती पुढच्या बाजूचीच छोटी नक्कल असावी. त्यामुळे यंत्रावर १.५० दिसलं तर पुढच्या बाजूचा खरा अस्टिग्मॅटिझम १.६७ असतो. आतला वाटा सांगताना कोणत्या आकड्यातून वजाबाकी केली हे म्हणूनच लिहायला हवं. ते न लिहिता दोन ठिकाणचे आकडे शेजारी मांडले तर तुलना फसते.

कॉर्निया बाजूला ठेवून आतलं थेट पाहण्याची युक्ती सगळ्यात जुनी आहे, आणि आम्हाला सगळ्यात सुंदर वाटते. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात ती वर्णन केली आहे. एका लहान सूक्ष्मदर्शकातलं भिंग काढून ते उथळ नळीत बसवलं, कडा मेणाने बंद केल्या, नळीत पाणी भरलं आणि डोळा असा टेकवला की कॉर्निया सगळीकडून पाण्याला लागेल. पाणी आणि कॉर्निया यांचे अपवर्तनांक इतके जवळ की कॉर्नियाची ताकद जवळपास नाहीशी झाली. तरीही त्याच्या डोळ्यातला अस्टिग्मॅटिझम होता तसाच राहिला. म्हणजे त्याचा दोष कॉर्नियात नव्हता, आत होता. भिंग तिरकं बसल्यामुळे तो असावा असं त्याने मांडलं.

हीच युक्ती आज कुठल्याही कॉन्टॅक्ट लेन्सच्या दवाखान्यात करता येते. कडक, गोल वळणाची लेन्स डोळ्यावर ठेवली की तिच्या आणि कॉर्नियाच्या मध्ये अश्रू भरतात, आणि पुढच्या बाजूचा साधारण नव्वद टक्के सिलिंडर त्या अश्रूंत विरून जातो. मग लेन्सवरूनच नंबर तपासायचा. जो सिलिंडर उरला तो मुख्यतः आतला. इथे फसगत एकाच जागी होते. लेन्स पातळ असली आणि कॉर्नियाचा फरक दोन डायॉप्टरच्या वर गेला, तर ती कॉर्नियावर दबून स्वतःच वाकते आणि तिचा सिलिंडर आतला म्हणून मोजला जातो. यावर उपाय सोपा आहे: लेन्स घातलेली असतानाच तिच्यावर केरॅटोमीटर लावायचा. दोन्ही दिशांत सारखा आकडा आला तर लेन्स वाकलेली नाही.

दुसरी रीत वजाबाकीची: एकूण सिलिंडरातून कॉर्नियाचा सिलिंडर वजा. पण सिलिंडरला आकड्याबरोबर दिशाही असते, म्हणून साधी वजाबाकी चालत नाही. एक उदाहरण कागदावर करून बघा. चष्म्यात उणे १.२५, ॲक्सिस २०. कॉर्नियाचा उणे १.५०, ॲक्सिस १७०. नुसते आकडे वजा केले तर पाव डायॉप्टर, म्हणजे आत जवळपास काहीच नाही असं वाटेल. आता कोनमापक घ्या आणि दोन्ही ॲक्सिस दुप्पट करा, कारण सिलिंडर १८० अंशांनी पुन्हा तोच होतो. एका डायॉप्टरला चार सेंटिमीटर धरून पहिला बाण ४० अंशांवर पाच सेंटिमीटरचा काढा, दुसरा त्याच बिंदूपासून ३४० अंशांवर सहा सेंटिमीटरचा. दुसऱ्याच्या टोकापासून पहिल्याच्या टोकापर्यंत पट्टी लावा. साडेपाच सेंटिमीटरच्या थोडं वर भरेल, म्हणजे १.४० डायॉप्टरला किंचित कमी. त्या रेषेचा कोन १०९ अंश. निम्मा केला की ॲक्सिस ५४-५५ च्या आसपास. पाव डायॉप्टर वाटलेला आतला वाटा प्रत्यक्षात जवळपास दीड डायॉप्टर निघाला! फाइलमध्ये असे दोन ॲक्सिस एकमेकांपासून वीस-तीस अंश लांब दिसले की थांबून हा हिशोब करावाच.

फ्रान्सचा नेत्रतज्ज्ञ एमिल जावाल याने असल्या मोजण्यांवरूनच १८९० च्या सुमारास आपला नियम मांडला. ह्यालमार श्योट्झबरोबर त्याने १८८१ साली केरॅटोमीटरचं एक नमुनेदार यंत्र घडवलं होतं. त्याच्या नियमाचं सोपं केलेलं रूप असं: कॉर्नियाच्या उभ्या सिलिंडरातून अर्धा डायॉप्टर वजा करा, चष्म्याचा सिलिंडर मिळेल. आपलं पहिलं उदाहरण त्यात चपखल बसतं. पण ती सरासरी आहे; एकेकट्या डोळ्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

वजाबाकीआधी चष्म्याचा नंबर कॉर्नियाच्या जागेवर आणावा लागतो, कारण चष्मा डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर पुढे असतो. नंबर लहान असेल तर फरक पडत नाही. पण उणे ६.०० आणि सिलिंडर उणे २.०० असेल, तर दोन दिशांची ताकद ६ आणि ८. कॉर्नियाजवळ त्या ५.६० आणि ७.३० होतात. दोनचा सिलिंडर १.७० उरला. हा गळालेला ०.३० म्हणजे कॉर्नियाच्या मागच्या बाजूच्या सरासरीइतकाच आहे. तो धरला नाही तर नसलेला आतला वाटा हिशोबात येऊन बसतो.

आणि हीच या मोजणीची खरी अडचण. जे मोजायचं ते अर्ध्या डायॉप्टरच्या आतबाहेरचं, आणि चुकाही तेवढ्याच मोठ्या. दीड डायॉप्टरच्या सिलिंडरचा ॲक्सिस पाच अंशांनी चुकला तर पाव डायॉप्टरचा खोटा सिलिंडर तयार होतो. त्यासाठी रुग्णाची मान हनुवटीच्या टेकूवर किंचित कलली तरी पुरते. त्रिज्येत ०.०२ मिलिमीटर चुकलं की ०.१० डायॉप्टर गेला. हाताने चालवायच्या केरॅटोमीटरमध्ये आधी आयपीसची फुली स्वतःच्या डोळ्याला स्पष्ट करून घ्यायची, हे घाईत राहून जातं आणि मग सगळेच आकडे एका बाजूला सरकतात. त्यानंतर खालचं दुहेरी वर्तुळ एक करायचं, अधिकच्या खुणा एका रेषेत आणायच्या, मग उणेच्या. प्रत्येक डोळ्याची तीन वाचनं घ्यावीत. ॲक्सिस दर वेळी वेगळा येत असेल तर सरासरी काढण्याआधी कारण शोधावं.

आमच्या भागात ते कारण बहुधा अश्रूंच्या थरात सापडतं. केरॅटोमीटर कॉर्नियावरून नाही, त्यावरच्या अश्रूंच्या थरावरून प्रतिबिंब घेतो. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या घरात असताना कुणी बाड्यावरून (इथल्या महाराज बाडा चौकातून) लू खात स्कूटरवर आला आणि पाच मिनिटांत यंत्रासमोर बसला, तर त्याचा थर पापणी मिटल्यावर काही सेकंदांतच फाटतो. यंत्रातल्या वर्तुळाची कड थरथरताना, एका बाजूला तुटताना दिसते. अशा वेळी माणसाला पंधरा-वीस मिनिटं बसू द्यावं (पंख्याच्या किंवा कूलरच्या थेट झोतात नको), दोनदा पापण्या मिटायला सांगाव्यात आणि लगेच वाचन घ्यावं. पापणी बोटाने वर धरताना बुबुळावर दाब आला तर उभी दिशा बदलते. डोळ्याचं प्रेशर टेकवून मोजायचं असेल किंवा बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे असतील, तर त्याच्या आधी ही मोजणी उरकावी. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स निदान आठवडाभर, कडक लेन्स तीन आठवडे तरी बंद हवी. कडक लेन्सने दाबलेला कॉर्निया मूळ आकारावर यायला खरोखरच वेळ लागतो.

मागच्या बाजूची थेट मोजणी इतकी उशिरा का सुरू झाली, ते प्रकाशाच्या प्रमाणावरून कळतं. पुढच्या बाजूवरून सुमारे अडीच टक्के प्रकाश परततो, मागच्या बाजूवरून ०.०२ टक्के. शंभरपट मंद आणि पहिल्याला खेटून असलेलं ते प्रतिबिंब साध्या यंत्रात हरवून जातं. आता श्याइमफ्लुग कॅमेरा ते काम करतो. निळ्या प्रकाशाची चीर डोळ्यावर टाकून कॅमेरा तिच्यासकट डोळ्याच्या मध्य अक्षाभोवती फिरतो आणि सुमारे दोन सेकंदांत पंचवीस किंवा पन्नास छेद टिपतो. ओसीटीचं (परतलेल्या प्रकाशावरून आतले थर दाखवणारं) यंत्रही तसेच छेद देतं. दिलासा असा की मागच्या बाजूची ताकदच कमी असल्यामुळे तिथली चूकही स्वस्तात पडते: त्रिज्येत ०.०५ मिलिमीटर चुकलं तर पुढे ०.३० डायॉप्टर जातो, मागे फक्त ०.०५. मात्र मागची बाजू पुढच्या बाजूतूनच दिसते, त्यामुळे पुढे थर फाटलेला असेल तर मागचा नकाशाही बिघडतो. एकूण आतल्या वाट्यातून मागची बाजू वजा केली की भिंगाचा वाटा उरतो. यात तीन मोजण्यांच्या चुका गोळा होतात, म्हणून शक्य तिथे सगळं एकाच बैठकीत घ्यावं.

आता आईच्या टॉरिक भिंगाकडे. समजा तिच्या चष्म्यात सिलिंडर शून्य, पण कॉर्नियाचा आकडा आडव्या दिशेत एक डायॉप्टर जास्त. भिंगाने तो इतकी वर्षं फेडला होता. ऑपरेशनमध्ये ते भिंग गेलं, की कॉर्नियाचा एक डायॉप्टर उघडा पडतो आणि मागची बाजू त्यात सरासरी ०.३० ची भर घालते. डॉक्टर बरोबरच सांगत आहेत. उलट, उभ्या दिशेत एक डायॉप्टर असता तर मागची बाजू त्यातून साधारण अर्धा कापते आणि साधं भिंगही चालून गेलं असतं. केवळ केरॅटोमीटरवर विसंबलं तर पहिल्या डोळ्यात कमी आणि दुसऱ्यात जास्त दुरुस्ती होते. म्हणून बॅरेटचा टॉरिक कॅल्क्युलेटर किंवा अबुलाफिया-कॉख सूत्र मागच्या बाजूचा अंदाज आत धरूनच उत्तर देतात. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे: हिशोबात कॉर्नियाची मागची बाजू धरली आहे का, आणि दोन वेगळ्या यंत्रांवर ॲक्सिस जुळला का?

भिंगाच्या डबीवरचा आकडा पाहून गोंधळू नये. डबीवर १.५० लिहिलेलं टॉरिक भिंग डोळ्यात खोलवर बसतं, म्हणून कॉर्नियाच्या जागी ते एकच डायॉप्टर दुरुस्त करतं. ॲक्सिसची खूण रुग्ण बसलेला असताना करतात, कारण आडवं झाल्यावर डोळा काही अंश फिरतो. भिंग ठरलेल्या जागेवरून दहा अंश सरकलं तर एक तृतीयांश फायदा जातो. तीस अंश सरकलं तर सगळाच. म्हणून ऑपरेशननंतरच्या तपासणीत बाहुली मोठी करून भिंगावरच्या खुणा कोणत्या अंशावर आहेत ते लिहून घ्यावं. सरकलेलं आढळलं तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ते फिरवून घेणं सोपं जातं, त्यानंतर भोवतालची पिशवी आकसून भिंगाला घट्ट धरते.