तो मुखवटा अगामेम्नॉनचा नाही

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला सोन्याचा मुखवटा ग्रीक दंतकथांमधल्या, ट्रॉय नगरावर चालून गेलेल्या राजा अगामेम्नॉनचा, असं आजही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. १८७६ मध्ये जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमानला तो ग्रीसमधल्या मायसीनी या प्राचीन नगरीच्या थडग्यात सापडला. ठोकून घडवलेला पत्रा, मिटलेले डोळे, टोकं वर वळवलेल्या मिशा. पाहताना गलबलून येतं! पण तो इ.स.पू. सोळाव्या शतकातला, ट्रॉयचं युद्ध झालंच असेल, तर त्याच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचा. अगामेम्नॉन नावाचा राजा होऊन गेल्याचा समकालीन पुरावा अजून मिळालेला नाही. पूर्वजांवरची श्रद्धा मात्र खरी होती. इ.स.पू. आठव्या शतकात ग्रीक लोक अनोळखी पूर्वजांच्या जुन्या थडग्यांवर पुन्हा नैवेद्य ठेवू लागले होते.