बंदर कोरडं पडलं, पण समुद्र आटला नाही

‘समुद्राने गिळलेली प्राचीन नगरी’ असा एखादा व्हिडिओ दर आठवड्याला फॉरवर्ड होऊन येतोच. ढोलांचं गूढ संगीत, मध्येच अटलांटिस, शेवटी देवाचा कोप. या वेळी उत्तरादाखल मी फालासार्नाची गोष्ट पाठवली.

क्रीट बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या ग्रीक शहराला समुद्राने गिळलं नाही, सोडलं. तट, बुरूज, गलबताचा दोर ओवायला भोक पाडलेले धक्क्याचे दगड, सगळं आहे. पाणी मात्र शंभरेक मीटर लांब. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या कॅप्टन स्प्रॅटच्या लक्षात आलं, की इथे जमीनच वर आली आहे. १९८६ पासून एल्पिडा हाजिदाकी यांनी बंदर उकरायला घेतलं.

जमीन किती वर आली, हे कातळावरच लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात धरण उतरलं की काठावर जुन्या पाण्याची फिकट रेघ दिसते ना, तशीच. इथल्या चुनखडीत समुद्रपातळीला आडवी खाच पडते. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम, म्हणून ती नेमकी पडते. आपल्याकडे, मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं, तिथे इतकी रेखीव खाच कुठली! फालासार्नाला ही रेघ आजच्या पाण्यापासून सुमारे साडेसहा मीटर उंच आहे, नैर्ऋत्य क्रीटमध्ये नऊ मीटरपर्यंत.

आणि रेघेखाली बोटभर बिळं. लिथोफागा नावाचा लांबट शिंपला आपल्या स्रावाने चुनखडी विरघळवत आत घुसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. कातळ पाण्याबाहेर आला की तो बिळातच मरतो. मग शिंपल्यातला कार्बन-१४, म्हणजे जीव मेल्यावर ठरावीक वेगाने घटत जाणारा कार्बन, मोजला की कातळ कधी वर आला ते कळायला हवं. पण इथेच गोम आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच शिळा, त्यामुळे वय सुमारे चारशे वर्षं जास्त दिसतं. ते वजा करता येतं. चुनखडीत मात्र कार्बन-१४ उरलेलाच नसतो. शिंपल्याने कवचातला १० टक्के कार्बन दगडातून घेतला, तर वय आणखी सुमारे ८७० वर्षांनी फुगतं. किती घेतला, हे प्रत्येक शिंपल्यागणिक वेगळं! म्हणून प्रवाळांसारखे इतर जीवही तपासावे लागतात.

बरीच वयं २१ जुलै इ. स. ३६५ च्या महाभूकंपाच्या आसपास येतात. त्या दिवशी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात समुद्र आधी मागे हटला आणि मग शहरावर आला, असं रोमन इतिहासकार अमियानस मार्सेलिनसने लिहून ठेवलंय. उचल एकाच दणक्यात झाली की काही शतकांत अनेक भूकंपांनी, यावर मात्र संशोधकांत अजून जुंपलेली आहे.

फालासार्नाच्या नाविकांना त्याने फरक पडला नसता. उत्खनन करणाऱ्यांच्या मते इ. स. पू. पहिल्या शतकात रोमनांनी चाच्यांचा बंदोबस्त करताना बंदराच्या तोंडात मोठमोठे दगड टाकून ते बुजवलं होतं. भूकंपाने उचललं ते चारशे वर्षांपूर्वीच बंद पडलेलं बंदर.