परदेशातल्या स्पर्धेला स्वतःची रायफल नेताना: परवाना, काडतुसे आणि कागदपत्रे

बालेवाडीत किंवा कोल्हापुरात सराव करणाऱ्या नेमबाजाचे नाव जर्मनीतल्या एखाद्या स्पर्धेत लागले, की तिकिटाच्या आधी रायफलीचे कागद हाती घ्यावेत. व्हिसा फक्त माणसाचा असतो, शस्त्राची परवानगी वेगळी काढावी लागते.

भारतातून बाहेर पडताना शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १० लागू होते. शस्त्र देशाबाहेर नेण्या-आणण्यासाठी परवाना लागतो, हा मूळ नियम. पण जे शस्त्र बाळगायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, ते स्वतःच्या वापरासाठी आणि वाजवी प्रमाणात नेण्या-आणण्याला या कलमाखालचा वेगळा परवाना लागत नाही. शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र ताब्यात ठेवण्याचा अधिकार मात्र कस्टम्सला आहे. त्यामुळे सगळी भिस्त तुमच्या शस्त्र परवान्यावर असते.

परवान्यावर चार गोष्टी पाहाव्यात. मुदत परतीच्या तारखेनंतरही शिल्लक हवी. क्षेत्र पाहा: परवाना महाराष्ट्रापुरता असेल आणि विमान दिल्लीहून असेल, तर दिल्लीपर्यंतच्या प्रवासाचीच अडचण होते. कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाचे माप, पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाचा नंबर. रायफल उजेडात घेऊन कोरलेला नंबर स्वतः वाचावा. काही रायफलींच्या नळीवर एक आणि अ‍ॅक्शनवर (काडतूस भरण्या-उडवण्याच्या यंत्रणेवर) दुसरा नंबर असतो, त्यातला परवान्यावर कोणता चढला आहे ते आधी बघावे. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत तर नेहमीची. परवाना, स्पर्धेची प्रवेशिका, विमान कंपनीचा फॉर्म आणि यजमान देशाची परवानगी या चारही कागदांवर तोच नंबर अक्षरन् अक्षर हवा. परवान्यातच चूक असेल तर पोलिस आयुक्तालयातून किंवा जिल्हादंडाधिकारी कार्यालयातून दुरुस्ती करून घ्यावी लागते, आणि ते काम दोन दिवसांत होत नाही.

४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या, छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलीला (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) भारतात शस्त्र परवाना लागत नाही. तरीही खरेदीचे बिल, संघटनेचे पत्र आणि स्पर्धेचे निमंत्रण जवळ ठेवा. विमानतळावरचा अधिकारी परवाना मागणारच, आणि तो का नाही हे कागदानेच दाखवावे लागते.

जर्मनीची परवानगी बहुधा आयोजकांमार्फत मिळते. प्रवेशिकेत शस्त्राचा मेक, कॅलिबर, नंबर आणि काडतुसांची संख्या मागतात, ती मोघम भरू नये. युरोपियन फायरआर्म्स पास, म्हणजे युरोपीय संघातल्या देशांत शस्त्र नेण्याचा पास, तिथल्या रहिवाशांसाठी असतो, आपल्याला त्याचा उपयोग नाही. उतरल्यावर लाल मार्गिकेतून (सामान जाहीर करणाऱ्यांच्या रांगेतून) जाऊन कस्टम्सला शस्त्र आणि काडतुसे आपणहून दाखवायची. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचे असेल तर तिथली परवानगीही तपासा. बॅग बाहेर घ्यावी लागली, की कायद्याच्या दृष्टीने शस्त्र त्या देशात आलेच. थेट विमान थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे.

विमान कंपनीची लेखी मंजुरी बुकिंगनंतर लगेच मागा. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसरीचे असेल, तर जिचे विमान तिची मंजुरी लागते. रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत आणि चेक-इन सामानातच जाते. एअर रायफलीचा दाबाखालच्या हवेचा सिलिंडर पूर्ण रिकामा करून, काढून ठेवावा. त्यावरची मुदतही पाहा, कारण मुदतीतला सिलिंडर वापरण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते.

काडतुसांना आंतरराष्ट्रीय हवाई नियमांनी माणशी ५ किलोची मर्यादा आहे, पॅकिंगसकट. दोघांचा कोटा एका खोक्यात घालता येत नाही. .२२ कॅलिबरच्या रायफलीचे एक काडतूस साधारण साडेतीन ग्रॅमचे, म्हणजे हजार काडतुसे आरामात बसतात. ट्रॅपवाल्यांचे (शॉटगनने उडती लक्ष्ये टिपणाऱ्यांचे) गणित मात्र जुळत नाही: २५ काडतुसांचे खोके जवळपास किलोभर भरते, म्हणजे पाचच खोकी. पात्रता फेरीत १२५ लक्ष्ये आणि प्रत्येकावर दोन बारांची मुभा असते. त्यांनी काडतुसे तिथेच घेण्याची सोय आयोजकांकडे आधी नोंदवावी.

घरून निघण्यापूर्वी केबिनची बॅग उलटी करून झाडा. रेंजवर नेतो तीच बॅग प्रवासाला घेतली, की अस्तराच्या फटीत किंवा शूटिंग जॅकेटच्या खिशात अडकलेले एखादे काडतूस एक्स-रेत दिसते आणि विमान सुटून पोलिस ठाणे गाठावे लागते. केबिनसाठी रेंजवर कधीच न नेलेली बॅग वापरा. रायफलीचा बोल्टही (काडतूस नळीत बसवणारा सुटा होणारा भाग) केबिनमध्ये नको.

जाताना ज्या विमानतळावरून निघता तिथल्या कस्टम्सकडून शस्त्राच्या नंबरासह निर्यात प्रमाणपत्र अवश्य घ्या. रायफल पेटीसह दाखवावी लागते, म्हणून हे काम बॅग जमा करण्याआधी करायचे. हाच कागद परतताना रायफल जुनीच आहे हे सिद्ध करतो, नाहीतर शुल्काचा प्रश्न उभा राहतो. उरलेली काडतुसे मोजून, किती नेली, किती झाडली, किती परत आणली हे एका कागदावर लिहून ठेवा. तिकडे स्वस्त मिळाली म्हणून नवी नळी याच कागदांवर आणू नका: कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले जातात, आणि नव्या नळीसाठी आयातीची वेगळी परवानगी आधीच काढलेली असावी लागते.